कॅल्शियम वाहिनीचे घटक : सशाच्या स्नायूपासून मेंदूपर्यंत

पेशीपटलात रुतलेली, विद्युतदाब बदलला की उघडणारी आणि कॅल्शियमच्या आयनांना आत सोडणारी प्रथिनांची जुळणी म्हणजे कॅल्शियम वाहिनी किंवा कॅल्शियम चॅनेल. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील बहुतेक वाहिन्या तीन घटकांच्या बनलेल्या असतात. अल्फा-१ हा सर्वांत मोठा घटक मधले छिद्र तयार करतो. बीटा हा घटक पेशीच्या आतल्या अंगाने त्याला चिकटलेला असतो, तर अल्फा-२-डेल्टा बाहेरच्या अंगाला असतो. हाडांना जोडलेल्या स्नायूंत यांच्या जोडीला गॅमा हा चौथा घटकही असतो. ही यादी आज पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीत मावते. मात्र ती मेंदूचा अभ्यास करून तयार झालेली नाही. औषधे, विषे आणि प्रतिपिंडे यांचा गळ टाकून आधी स्नायूतून एकेक घटक बाहेर काढला गेला आणि मग तोच मेंदूत शोधला गेला.

जिवंत पेशीला कॅल्शियम लागते हे कळले ते एका चुकीमुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारद्रवात धडधडते ठेवत असत. हा द्रव ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवला गेल्याचे नंतर लक्षात आले. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हृदय चालू ठेवत होते, हे रिंगर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. पण हे कॅल्शियम पेशीत कोणत्या वाटेने शिरते, हा प्रश्न पुढची सत्तर वर्षे तसाच राहिला.

१९५३ मध्ये त्याच संस्थेत पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी खेकड्याच्या स्नायूतील विद्युत संदेश मोजले. भोवतालच्या द्रवातून सोडियम काढून टाकले तरी संदेश बंद पडला नाही. त्या काळच्या समजुतीत हे बसत नव्हते, कारण चेतापेशीतील संदेश सोडियम आत शिरल्यामुळे निर्माण होतो हे नुकतेच प्रस्थापित झाले होते. १९५८ मध्ये फॅट आणि बर्नार्ड गिन्सबोर्ग यांनी नदीतल्या क्रेफिशच्या स्नायूंवर प्रयोग करून त्या प्रवाहाचा वाहक कॅल्शियम असल्याचे दाखवले. सुसुमु हागिवारा यांनी १९६०च्या दशकात बार्नाकल या सागरी जीवाच्या जाड स्नायुतंतूंवर हाच अभ्यास पुढे नेला. १९६७ मध्ये कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी स्पष्ट केले की चेतापेशीच्या टोकातून रसायन सुटण्याच्या अगदी आधीच्या क्षणी तिथे कॅल्शियम हजर असावे लागते. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. त्यामुळे वाट क्षणभर उघडली तरी ते आत लोटते आणि त्या लोटण्याचाच संदेश म्हणून उपयोग होतो.

या वाटेला पकडण्याचा पहिला गळ औषधशास्त्राने दिला. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी १९६०च्या दशकात वेरापॅमिलसारखी औषधे हृदयाच्या स्नायूत कॅल्शियमच्या विरोधात काम करतात असे दाखवले आणि या गटाला ‘कॅल्शियम विरोधक’ हे नाव दिले. पुढे निफेडिपिन आले. रक्तदाबासाठी आज घरोघरी घेतल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनच्या गोळीचा आणि निफेडिपिनचा गट एकच, डायहायड्रोपिरिडीन. हे रेणू वाहिनीला घट्ट चिकटतात. त्यांच्यावर किरणोत्सर्गी खूण लावली की वाहिनी कुठे आहे ते खुणेच्या मागावर जाऊन शोधता येते. घटकांच्या शोधाचा सगळा पाया या चिकटपणावर उभा राहिला.

दरम्यान मेंदूतल्या वाहिन्या एकाच प्रकारच्या नाहीत, अशी शंका बळावत होती. हागिवारा यांच्या गटाला १९७५ मध्येच तारामाशाच्या अंड्यात दोन वेगळे कॅल्शियम प्रवाह दिसले होते. १९८१ मध्ये रोदोल्फो यिनास आणि योसेफ यारोम यांनी गिनीपिगच्या मेंदूच्या खोडातील पेशींत कमी दाबाला उघडणारी आणि जास्त दाबाला उघडणारी अशा दोन वाटा नोंदवल्या. एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पॅच क्लॅम्प तंत्रामुळे तर एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजणे शक्य झाले. १९८५ मध्ये मार्था नोविकी, आरोन फॉक्स आणि रिचर्ड त्सिएन यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या संवेदी चेतापेशींत तीन प्रकार वेगळे काढले. क्षणभर टिकणारा प्रवाह ‘ट्रान्झियंट’ म्हणून टी, दीर्घकाळ टिकणारा ‘लाँग-लास्टिंग’ म्हणून एल आणि धड हाही नाही, धड तोही नाही असा ‘नायदर’ म्हणून एन. ही नावे प्रवाहाच्या वागणुकीवरून पडली होती. त्यामागे कोणते प्रथिन आहे, हे तेव्हा कोणालाही सांगता आले नसते.

डायहायड्रोपिरिडीन फक्त एल प्रकाराला धरत असे. इतरांसाठी दुसरे गळ हवे होते आणि ते विषारी प्राण्यांकडून मिळाले. फिलिपिन्समध्ये जन्मलेले बाल्दोमेरो ओलिव्हेरा यांनी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात कोनस या सागरी शंखांच्या विषाचा अभ्यास चालवला होता. हे शंख डंखातून विष टोचून मासे मारतात. कोनस जिओग्राफसच्या विषातील ओमेगा-कोनोटॉक्सिन जीव्हीआयए एन प्रकाराच्या वाहिनीला असे धरते की ते जवळजवळ सुटतच नाही. यिनास यांच्या गटाने १९८९ मध्ये लहान मेंदूतील पर्किंजे पेशींवरून पी प्रकार वर्णिला. १९९२ मध्ये अमेरिकी फनेल-वेब कोळ्याच्या विषातील ओमेगा-अॅगाटॉक्सिन चारए त्या प्रकाराला नेमकेपणे रोखते असे आढळले. त्यापाठोपाठ क्यू आला. सर्व गळ टाकूनही न सापडणाऱ्या उरलेल्या प्रवाहाला आर हे अक्षर मिळाले.

प्रवाहांची यादी वाढत असताना वाहिनीचे रासायनिक पृथक्करण वेगळ्याच ठिकाणी चालू होते. मेंदूत कॅल्शियम वाहिन्या विरळ असतात, शिवाय प्रकार अनेक. सशाच्या अस्थिस्नायूत मात्र पेशीपटल आत वळून तयार झालेल्या आडव्या नळ्यांमध्ये डायहायड्रोपिरिडीन धरणारी प्रथिने दाटीवाटीने असतात. म्हणून सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बेन्सन कर्टिस आणि विल्यम कॅटरॉल यांनी या नळ्या निवडल्या. डिजिटोनिन या साबणासारख्या पदार्थाने पटल विरघळवायचे, गव्हाच्या अंकुरातील साखर धरणाऱ्या प्रथिनाच्या स्तंभातून द्रव गाळायचा, मग साखरेच्या पाकात फिरवून वजनाप्रमाणे थर वेगळे करायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९८४ मध्ये त्यांना तीन प्रथिने एकत्र मिळाली : सुमारे १३० किलोडाल्टनचे अल्फा, ५०चे बीटा आणि ३३चे गॅमा.

ही यादी अपुरी होती आणि मुख्य प्रथिनच तिच्यातून निसटले होते. अल्फाचे दोन तुकडे गंधकाच्या बंधांनी जोडलेले असत. बंध न तोडता जेलवर चालवले की ते दुसऱ्या एका मोठ्या प्रथिनाच्या रेषेवरच येऊन बसत. बंध तोडून चालवले तेव्हाच रेषा वेगळ्या झाल्या. १९८७ मध्ये मासामी ताकाहाशी, कॅटरॉल आणि सहकाऱ्यांनी पाच तुकड्यांचे सुधारित चित्र मांडले : अल्फा-१ सुमारे १७५ किलोडाल्टन, अल्फा-२ १४३, बीटा ५४, गॅमा ३० आणि डेल्टाचे लहान तुकडे २४ ते २७. औषध चिकटत होते ते अल्फा-१ला. आधी अल्फा म्हटलेले प्रथिन प्रत्यक्षात त्याचा सोबती अल्फा-२ होता. आयोवा विद्यापीठात केव्हिन कॅम्पबेल यांचा गटही त्याच सुमारास तशाच निष्कर्षावर आला.

त्याच वर्षी क्योतो विद्यापीठात शोसाकु नुमा यांच्या प्रयोगशाळेने सशाच्या स्नायूतील अल्फा-१चे जनुक वाचले. १,८७३ अमिनो आम्लांची ही साखळी याच प्रयोगशाळेने १९८४ मध्ये वाचलेल्या सोडियम वाहिनीशी मिळतीजुळती निघाली. तिच्यात एकसारखे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभाग पटलातून सहा वेळा आरपार जातो. प्रत्येक विभागाच्या चौथ्या पट्ट्यावरील धनभार विद्युतदाब ओळखतो. चारही विभागांतील एकेक ग्लुटामेट मिळून छिद्राच्या तोंडाशी कॅल्शियमची निवड करतात. १९८८ मध्ये अल्फा-२चे, १९८९ मध्ये बीटाचे आणि १९९० मध्ये गॅमाचे जनुक हाती आले. १९९० मध्येच डेल्टाचा उलगडा झाला. डेल्टाला स्वतंत्र जनुक नाही. अल्फा-२ आणि डेल्टा एकाच साखळीतून बनतात, मग ती साखळी कापली जाते आणि दोन्ही तुकडे गंधकबंधांनी जोडलेले राहतात. पाच तुकडे होते, पण घटक चारच.

आता प्रश्न होता मेंदूचा. तिथल्या वाहिन्यांची जुळणी स्नायूसारखीच असेल असे गृहीत धरणे सोपे होते, पण ते सिद्ध व्हायचे होते. कॅटरॉल यांच्या गटाने स्नायूतील वाहिनीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूवर वापरली आणि १९९० मध्ये एल प्रकाराच्या वाहिन्या उंदराच्या मेंदूतून धरून काढल्या. त्या चेतापेशींच्या मुख्य भागावर आणि जाड शाखांच्या बुंध्याशी पुंजक्यांनी दिसल्या. त्याच वर्षी टेरी स्नच आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील जनुकांच्या प्रतींत अल्फा-१चे चार गट ओळखले आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. १९९१ मध्ये क्योतोच्या गटाने सशाच्या मेंदूतील ए गटाची पूर्ण साखळी प्रसिद्ध केली. लवकरच जोड्या जुळल्या. सी आणि डी एल प्रकाराचे निघाले, बी एन प्रकाराचा आणि ए पी व क्यू या दोहोंचा. नंतर सापडलेला ई आर प्रवाहाशी जोडला गेला.

मेंदूतील संपूर्ण जुळणी शुद्ध स्वरूपात मिळवण्यात शंखाचे विष कामी आले. १९९१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मोरीन मॅकेनेरी, सॉलोमन स्नायडर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतून हे विष धरणारे प्रथिन शुद्ध केले. त्याची घडण स्नायूतील एल वाहिनीशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नोंदवले. १९९३ मध्ये कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेतील डेरिक विचर आणि सहकाऱ्यांनी सशाच्या मेंदूतील एन वाहिनी शुद्ध करून तिचे घटक ओळखले : २३० किलोडाल्टनचा अल्फा-१बी, १६०चा अल्फा-२-डेल्टा, ५७चा बीटा-३ आणि ९५चे एक जादा प्रथिन. हे मिश्रण कृत्रिम पटलात बसवल्यावर त्यातून प्रवाह वाहू लागला. म्हणजे हाती आलेली जुळणी अखंड होती. स्नायूत ठळक दिसणारा गॅमा मात्र या यादीत नव्हता. ९५चे कोडे नंतर सुटू लागले. पी/क्यू वाहिनीसोबत येणारे तेवढ्याच वजनाचे प्रथिन अल्फा-१एचेच आखूड रूप असल्याचे याच गटाने १९९८ मध्ये दाखवले.

१९९६ मध्ये पी/क्यू वाहिनीही शुद्ध झाली. तिच्यातही अल्फा-१, अल्फा-२-डेल्टा आणि बीटा हेच तीन घटक होते. त्या वर्षी आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. एन वाहिनी घेतली तरी तिच्यातला बीटा दर वेळी एकच नसतो. काही रेणूंत बीटा-३, काहींत बीटा-१बी, काहींत बीटा-४ असतो. पी आणि क्यू हे दोन वेगळे प्रवाह एकाच अल्फा-१एमधून कसे निघतात, याचे उत्तरही जनुकाच्या प्रतीची वेगवेगळी कातरजोड आणि सोबतचे घटक यांत सापडू लागले. प्रवाहाचे नाव आणि प्रथिनाचे नाव यांची जोडी एकास एक नव्हती.

एकेका घटकाचे काम मग वेगळे तपासले गेले. बीटाच्या सोबतीने अल्फा-१ पेशीपटलावर अधिक संख्येने पोचतो आणि कमी दाबाला उघडू लागतो. १९९४ मध्ये मार्लन प्रॅग्नेल आणि कॅम्पबेल यांच्या गटाने बीटा कुठे चिकटतो ते नेमके दाखवले. अल्फा-१च्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागांना जोडणाऱ्या पट्ट्यात १८ अमिनो आम्लांची एक जागा आहे, तिथे. २००४ मध्ये तीन प्रयोगशाळांनी बीटाची स्फटिकरचना स्वतंत्रपणे सोडवली तेव्हा ही पट्टी बीटाच्या खोबणीत बसलेली दिसली.

मेंदूत प्रत्येक घटक का लागतो, याची साक्ष व्यंग असलेल्या उंदरांनी दिली. प्रयोगशाळांमध्ये फार पूर्वीपासून जतन केलेल्या काही उंदरांच्या जाती डगमगत चालत, मधूनमधून त्यांना भान हरपणारे फिटसारखे झटके येत. १९९६ मध्ये ‘टॉटरिंग’ उंदराचा दोष अल्फा-१एमध्ये सापडला, १९९७ मध्ये ‘लेथार्जिक’चा बीटा-४मध्ये आणि २००१ मध्ये ‘डकी’चा अल्फा-२-डेल्टा-२मध्ये. वेगवेगळ्या घटकांतल्या दोषांची लक्षणे इतकी सारखी असणे, हेच ते घटक एकत्र काम करतात याचा पुरावा ठरले. माणसातही १९९६ मध्ये अल्फा-१एच्या जनुकातील दोष अर्धांगासह येणाऱ्या आनुवंशिक अर्धशिशीत आणि तोल जाण्याच्या एका आनुवंशिक विकारात आढळले.

‘स्टारगेझर’ उंदराने मात्र हे सरळ चित्र मोडले. मान वर करून पाहत राहणाऱ्या या उंदराच्या दोषी प्रथिनाचे स्नायूतील गॅमाशी साम्य होते. १९९८ मध्ये ते मेंदूतील गॅमा-२ म्हणून नोंदवले गेले आणि मेंदूच्या वाहिनीतील हरवलेला चौथा घटक सापडला असे वाटले. २००० मध्ये कळले की त्याचे मुख्य काम ग्लुटामेट हे रसायन ओळखणाऱ्या ग्राहींना चेतासंधीपर्यंत नेऊन बसवण्याचे आहे. त्यानंतर गॅमा कुळातील अनेक सदस्य त्याच कामात सापडले. कुळाचे नाव कॅल्शियम वाहिनीवरून पडले, ते तसेच राहिले.

अल्फा-२-डेल्टाचे महत्त्व एका औषधाने उघड केले. फ्रायबुर्गमधील ग्योडेके कंपनीत गॅबापेंटिन हे औषध गाबा या चेतारसायनाची नक्कल म्हणून बनवले गेले होते. गाबाच्या वाटेने मात्र ते काम करत नव्हते. १९९६ मध्ये निकोलस गी आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मेंदूतून गॅबापेंटिन धरणारे प्रथिन शुद्ध केले आणि ते अल्फा-२-डेल्टा निघाले. अपस्मार आणि चेतांच्या वेदनेवर दिले जाणारे हे औषध छिद्राला हातही न लावता वाहिनीच्या सोबत्याला धरते. २००६ मध्ये हा घटक एका जागी बदललेल्या उंदरांमध्ये त्याच गटातील प्रीगॅबालिनचा वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला, आणि नाते पक्के झाले. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अॅनेट डॉल्फिन यांच्या गटाने दाखवले की हा घटक पटलाला चरबीच्या एका दोऱ्याने अडकलेला असतो. त्याआधी डेल्टा पटलातून आरपार जातो असे मानले जात असे.

टी प्रकाराची जुळणी सर्वांत शेवटी उलगडली, आणि त्याला कारणही होते. या वाहिनीला घट्ट धरणारे औषध किंवा विष नव्हते, त्यामुळे शुद्धीकरणाची वाट बंद होती. एडवर्ड पेरेझ-रेयेस यांनी जनुकांच्या तुकड्यांच्या संगणकीय साठ्यात साम्य शोधले आणि १९९८ मध्ये पहिले टी जनुक जाहीर केले. आणखी दोन लवकरच मिळाली. यांचा अल्फा-१ एकटाच पेशीत बनवला तरी मेंदूतल्यासारखा प्रवाह वाहतो. बीटाला बसण्याची ती १८ अमिनो आम्लांची जागा त्याच्यात नाही.

अक्षरांचा गोंधळ निस्तरण्यासाठी २००० मध्ये नवी नावे ठरली. एल प्रकाराचे चार अल्फा-१ घटक सीएव्ही १.१ ते १.४ झाले, पी/क्यू, एन आणि आर अनुक्रमे २.१, २.२ आणि २.३ आणि टी प्रकार ३.१ ते ३.३. अशी दहा अल्फा-१ जनुके, चार बीटा आणि चार अल्फा-२-डेल्टा ही आज सस्तन प्राण्यांची यादी आहे. त्यातून किती वेगवेगळ्या जुळण्या संभवतात हे सहज ध्यानात येते.

घटक कशाला म्हणायचे, हा प्रश्न तरी उरतोच. शुद्धीकरणात जे सोबत टिकते तो घटक, अशी प्रयोगशाळेतली व्याख्या होती. साबण बदलला की सोबतीही बदलतात. २०१० मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात बर्न्ड फाक्लर यांच्या गटाने मेंदूतील सीएव्ही २ वाहिन्या प्रतिपिंडांनी धरून सोबतच्या प्रथिनांची मोजणी केली. अल्फा-१भोवती सुमारे २०० प्रथिनांचा गोतावळा होता. बीटा भरपूर होता, अल्फा-२-डेल्टा मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. शुद्धीकरणाच्या जुन्या पद्धतींत टिकलेली त्याची सोबत इथे सैल पडली होती.

घटकांची प्रत्यक्ष मांडणी दिसली ती गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. चीनमध्ये निएंग यान यांच्या गटाने २०१५ आणि २०१६ मध्ये सशाच्या स्नायूतील वाहिनीची रचना सोडवली आणि १९८७ची यादी अणूंच्या पातळीवर दिसली. गॅमा चौथ्या विभागाला बिलगून, अल्फा-२-डेल्टा बाहेर, बीटा आत. २०२१ मध्ये याच गटाने माणसाच्या मेंदूतील एन वाहिनीची, म्हणजे सीएव्ही २.२ची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात अल्फा-१बी, अल्फा-२-डेल्टा-१ आणि बीटा-३ हे तीन घटक होते, म्हणजे १९९३ मध्ये सशाच्या मेंदूतून मिळालेलेच त्रिकूट. एका नमुन्यात छिद्राच्या तोंडाशी झिकोनोटाइड हा रेणू अडकलेला दिसला. कोनस मॅगस या शंखाच्या विषापासून आलेला हा रेणू तीव्र वेदनेवरील औषध म्हणून अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे.